हप्ता कोणाच्या नावावर? : मेकॅनिकलच्या पदवीचा पेण-रोह्याकडून मांडलेला हिशेब

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. देशमुखांचे घर रोह्याचे. वडील तिथे वकिली करीत. भोगावती आणि कुंडलिका या दोन नद्यांच्या मुलखाशी बांधलेल्या या दोन मुलांनी पदवीच्या बाबतीत अगदी उलट वाटा धरल्या. भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि मुंबई न गाठता काशीला गेले. प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच आईच्या चुलीत घातली होती, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत येते. तेच पुढचे विनोबा. देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, १९१५ साली ते केंब्रिजला गेले आणि १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ पासून त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले.

म्हणजे आज पदवीसाठी कर्ज देणारी यंत्रणा आणि पदवी देणारी यंत्रणा, या दोन्हींच्या घडणीत एका रोहेकराचा हात आहे. आणि पदवीवाचून माणसाचे काही अडत नाही, असे आयुष्यभर सांगत आणि जगून दाखवत आलेला माणूस शेजारच्या पेणचा. या दोन टोकांच्या मध्ये आमच्या भागातली सामान्य घरे दर जून महिन्यात बसलेली असतात. बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हातात असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : मुलाला मेकॅनिकलला घालावे का? फी किती, कर्ज किती काढावे लागेल, आणि सुटल्यावर पगार किती मिळेल?

माझ्या बँकेतल्या नोकरीची शेवटची वर्षे कर्जविभागात गेली, त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ ऐकला. निवृत्तीनंतर इतिहासाची पुस्तके आणि जुने कायदे वाचण्याचा नाद लागला, तेव्हा लक्षात आले की प्रश्न जुना आहे. बदलत गेला आहे तो एकच भाग. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला अपेक्षेइतकी कमाई झाली नाही, तर तोटा कोणी सोसायचा? दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर सरकारकडून संस्थानिकाकडे, दानशूराकडे आणि शेवटी मुलाच्या बापाकडे कसे सरकत आले, ते या लेखात मांडायचे आहे.

सरकारला इंजिनिअर हवा होता तेव्हा

पश्चिम भारतात इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले ते कोणा बापाने मुलाच्या भवितव्याचा विचार केला म्हणून नव्हे. १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले, कारण सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते आणि त्यासाठी हाताखालची माणसे हवी होती. गरज सरकारची, शिक्षण सरकारचे आणि नोकरीही सरकारची. पुढे याच संस्थेतून मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही पदवी मिळू लागली, आणि परीक्षेत वर आलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक बांधकाम खात्यात नेमणूक मिळे.

या व्यवस्थेचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यात शिकले, १८८३ साली परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत सहायक इंजिनिअर म्हणून रुजू झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर फी एका सरकारने भरली आणि नोकरी दुसऱ्या सरकारने दिली. विद्यार्थ्याने घातली ती फक्त बुद्धी आणि मेहनत. अर्थात ही सोय मूठभरांसाठी होती. दरवर्षी जितक्या जागा भरायच्या, साधारण त्या बेताने माणसे तयार होत. जागा कमी म्हणून जोखीम कमी, हे त्या व्यवस्थेचे रहस्य होते.

मेकॅनिकलची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिला सुरुवातीला सरकारी खात्यापेक्षा मुंबईच्या गिरण्यांचा आधार होता. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, उभे राहिले. तिथली यांत्रिकीची एल.एम.ई. पदविका घेतलेला माणूस गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत लागे. किती तरी वर्षे मराठी घरांत ‘एल.एम.ई. झालाय’ हे शब्द ‘हाताला काम आहे’ या अर्थाने वापरले जात. ती पदवी नव्हती, पदविका होती, आणि त्याचे कोणाला वैषम्यही नव्हते.

याच संस्थेत काही काळ शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये यांत्रिक रेखाटन शिकून घेतले होते. बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल शिकून १९२६ साली पदवीधर झाले. बापाने कारखाना काढला आणि कारखान्याने मुलाची पदवी काढली. कर्ज आणि कमाई यांचा संबंध या उदाहरणात फार स्वच्छ दिसतो. कारखान्यासाठी काढलेले कर्ज बुडायची वेळ आली तर यंत्रे विकता येतात. पदवी विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शिक्षणासाठीचे कर्ज इतर कर्जांहून निराळे का, याचे मूळ इथे आहे.

करार, उपकार आणि परतफेड

ही अडचण ओळखून त्या काळात काही वेगळ्या वाटा शोधल्या गेल्या. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. तो निव्वळ दान देत नव्हता. शिष्यवृत्ती कर्जाऊ असे. शिकून कमावू लागलेल्याने पैसे परत करायचे, म्हणजे ते पुढच्याच्या उपयोगी पडतील, हा त्यामागचा विचार. घेणाऱ्याचा मान राखला जाई आणि निधीही आटत नसे.

दुसरी वाट संस्थानिकांची. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्यासोबत करार होता : परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. इथे परतफेड पैशात नव्हती, आयुष्याच्या वर्षांत होती. १९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्यात गेले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागाही मिळेना. नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. शिक्षण पूर्ण, गुणवत्ता निर्विवाद, नोकरी हातात, आणि तरीही समाजाने कमाईचे दार बंद केले. पदवीची किंमत बाजार ठरवतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्या बाजारात कोणाला शिरू दिले जाते हा प्रश्न आधी येतो, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही. आज रायगड जिल्ह्यातले तंत्रशास्त्र विद्यापीठ त्यांच्याच नावाने आहे.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९६३ साली राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना आणली. कर्ज बिनव्याजी होते. त्याआधीच आपल्याकडे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी फीमाफी, म्हणजे ‘ई.बी.सी.’ची सवलत, सुरू झालेली होती. ई.बी.सी.चा फॉर्म, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि हेडमास्तरांची सही या तीन गोष्टींवर कोकणातल्या एका पिढीचे शिक्षण झाले. त्या पिढीला शिक्षणासाठी घराबाहेर राहण्याचा खर्च होता. फीपायी कर्ज काढण्याची वेळ मात्र फारशी आली नाही.

कर्जाची आमच्या मुलखातली आठवण

पण कर्ज म्हणजे काय, हे या जिल्ह्याला निराळे शिकवावे लागत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खोती होती. खारेपाटात, म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवलेल्या भातजमिनीत, बांध फुटला की पीक गेले आणि खंड मात्र कायम. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. सहा वर्षे त्यांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. १९३७ साली आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले.

याच हवेत १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि १९४७ साली त्याची सुधारून नवी आवृत्ती आली. या कायद्यांतली एक कल्पना आजच्या विषयाशी अगदी जवळची आहे. कागदावर कर्ज किती आहे एवढेच पाहायचे नाही. कर्जदाराची फेडण्याची ऐपत किती, हेही मोजायचे आणि कर्ज त्या बेताने खाली आणायचे. शेतकऱ्याच्या बाबतीत हा विचार कायद्याने मान्य केला. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो अजून पुरता रुजलेला नाही. त्याकडे शेवटी येतो.

कारखाने आले, काम कोणते आले?

मेकॅनिकलच्या पदवीची ओढ या भागात लागली ती डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या कारखान्यांमुळे. पहिले मोठे यंत्रघर १९२७ चे : कुंडलिकेच्या वरच्या अंगाला टाटांचे भिऱ्याचे जलविद्युत केंद्र. मुळशीच्या धरणाचे पाणी घाट उतरून तिथे टर्बाइन फिरवते आणि मग कुंडलिकेतून कोलाड-रोह्याकडे वाहते. ज्या धरणासाठी मुळशीकरांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे हे पाणी. पुढे त्या पाण्याच्या आधारावर रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत वाढली आणि तिथे रासायनिक कारखाने आले. नागोठण्याला पेट्रोरसायन संकुल झाले, थळला खताचा कारखाना, पेणच्या बाजूला धरमतर खाडीवर डोलवीला पोलादाचा. दिव्याहून निघालेली रेल्वे १९८६ साली रोह्यापर्यंत आली, तीही मुख्यतः या उद्योगांसाठी. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे, १९९८ साली पूर्ण झालेली.

एवढे कारखाने दाराशी असताना मेकॅनिकलच्या मुलाला कामाची काय ददात, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे एक बारकावा आहे. रसायने, पेट्रोरसायने, पोलाद हे प्रवाही उद्योग आहेत. त्यांत गुंतवणूक प्रचंड आणि माणसे त्या मानाने थोडी. एकदा प्लँट उभा राहिला की तो चालवायला केमिकलची आणि इन्स्ट्रुमेंटेशनची माणसे लागतात. मेकॅनिकलकडे येते ती देखभाल : पंप, कॉम्प्रेसर, बॉयलर, पाइपलाइन, व्हॉल्व्ह. या कामाचा मोठा भाग वार्षिक शटडाऊनच्या दिवसांत होतो आणि तो पुष्कळदा कंत्राटदाराच्या हजेरीवरची माणसे करतात. फिटर, वेल्डर, रिगर यांना तेव्हा भाव येतो. सुपरवायझर म्हणून पदविकाधारक चालतो. पदवीधराची कायम जागा प्रत्येक कारखान्यात मोजकी असते आणि तिच्यासाठी देशभरातून अर्ज येतात. दारात कारखाना असणे आणि कारखान्यात नोकरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागाने जमिनी दिल्यावर शिकून घेतले.

कारखान्यांच्या मागोमाग शिक्षणाच्या सोयीही आल्या. लोणेरे येथे १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. कर्जत, पनवेल, रसायनी या पट्ट्यात खाजगी महाविद्यालये निघाली. रोह्याच्या मुलाला पूर्वी पुणे किंवा माटुंगा गाठावे लागे. आता रेल्वेच्या पासावर किंवा एसटीने ये-जा करता येईल अशी महाविद्यालये झाली. शिक्षण जवळ आले. पण त्याच काळात त्याची किंमतही बदलली.

फी कोणी ठरवायची?

१९८३ साल महत्त्वाचे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कारण पटण्यासारखे होते : सरकारी जागा अपुऱ्या, महाराष्ट्रातली मुले देणग्या मोजून कर्नाटकात जातात, तो पैसा इथेच राहावा. जागा वाढल्या यात शंका नाही. पण ‘जागा कमी म्हणून जोखीम कमी’ हे जुने गणित त्या दिवशी मोडले. आता जागा नोकऱ्यांकडे बघून निघत नव्हत्या, मागणीकडे बघून निघत होत्या. आणि खर्च सरकारी तिजोरीतून पालकांच्या खिशाकडे सरकला.

पुढची तीस वर्षे कायदा या प्रश्नाभोवती फिरत राहिला. देणग्यांना आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी घालून दिली. पैसे भरणाऱ्याच्या फीतून दुसऱ्याची फी कमी व्हावी अशी ती रचना होती. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती मोडली आणि संस्थांना आपली फी ठरवण्याचा अधिकार मान्य केला. नफेखोरीला मात्र बंदी. २००५ च्या इनामदार निकालाने हे आणखी स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले आणि प्रत्येक महाविद्यालयाची फी त्याच्या खर्चावरून ठरू लागली. या सगळ्या वादात फीचा संबंध संस्थेच्या खर्चाशी जोडला गेला. पदवीधराच्या कमाईशी तिचा संबंध जोडण्याचा विचार कुठेच झाला नाही.

बँकेच्या टेबलावरचे गणित

ही पोकळी भरायला बँक आली. २००१ साली भारतीय बँक संघाने तयार केलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा ढाचा थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. ४ लाखांपर्यंत तारण नाही, पण पालक सहकर्जदार हवा. ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्याची हमी. त्यावर स्थावर तारण. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता नाही. मात्र त्या काळात सरळव्याज साचत राहते.

आकडे घालून पाहू. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाचे आणि बँकेचे घालून बघावेत. समजा मुलाची फी आणि इतर खर्च मिळून वर्षाला १ लाख रुपये कर्ज उचलले, चार वर्षांत ४ लाख. व्याज १० टक्के. पहिल्या वर्षीच्या लाखावर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण १ लाख ४० हजार. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज ५ लाख ४० हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर मासिक हप्ता सुमारे ७,१३६ रुपये येतो आणि शेवटपर्यंत मिळून साडेआठ लाखांच्या वर रक्कम जाते. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ८,९६५ होतो आणि एकूण रक्कम साडेसात लाखांच्या आसपास राहते. शिकत असतानाच घरच्यांनी साचणारे व्याज भरत नेले, तर दहा वर्षांचा हप्ता ५,२८६ वर येतो. पालक ‘आता कुठे भरायचे, नंतर बघू’ म्हणतात. त्या ‘नंतर’ची किंमत दरमहा १,८५० रुपये, दहा वर्षे.

आता दुसरी बाजू. मेकॅनिकलच्या पुष्कळ पदवीधरांची पहिली पायरी शिकाऊ उमेदवारीची असते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याखालच्या २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले आणि पदविकाधारकाचे ८,०००. तीन वर्षांच्या जादा शिक्षणाचे किमान मोल कायद्याच्या लेखी तेव्हा एवढेच होते. एक वर्षाची उमेदवारी केली की बँकेची सवलतीची मुदत तिथेच संपते. उमेदवारी लांबली, तर ९,००० तून ७,१३६ चा हप्ता वजा जाता हाती १,८६४ उरतात. रोह्याहून पनवेलला खोली घेऊन राहायचे तर त्यात काय होणार? मग हप्ता कोण भरतो? सहकर्जदार. म्हणजे बाप.

तिसरा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन मुलगा नोकरीला लागला आणि समजा त्याला सरासरी महिना १५,००० मिळाले, तर पुढच्या तीन वर्षांत त्याने ५ लाख ४० हजार कमावले. त्याच सहा वर्षांत अकरावी-बारावी आणि पदवी करणाऱ्याच्या डोक्यावर वरच्या हिशेबाने पदवीच्या दिवशी ५ लाखांचे कर्ज आहे. दोघांतले अंतर १० लाख ४० हजार. पदवीधराला पदविकाधारकापेक्षा महिना १०,००० जास्त मिळाले, तरी व्याज न धरता हे अंतर भरून निघायला साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागतो. अंतर महिना २०,००० चे असेल तर सव्वाचार वर्षांच्या पुढे. पदवी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. बढतीच्या पायऱ्या पदवीधराला पुढे मोकळ्या असतात, सरकारी व सार्वजनिक उद्योगांच्या परीक्षा देता येतात. पण ‘पदवी घेतली की पगार जास्त’ एवढ्यावर थांबणारा हिशेब अर्धा आहे. किती जास्त आणि किती वर्षांनी, हे विचारायला हवे.

आणि इथे आमच्या शिक्षणपद्धतीतली एक जुनी सोय कामाला येते. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावीनंतर तीन अधिक तीन, किंवा दोन अधिक चार. दोन्ही वाटांनी वर्षे सहाच. पण पहिल्या वाटेत पदवीची फी तीनच वर्षांची, आणि मधे थांबून नोकरी करण्याचा पर्याय हातात. शासकीय तंत्रनिकेतनात शिकून, दोन वर्षे धाटावला किंवा डोलवीला काम करून, मग आपल्या पैशाने पदवी पुरी करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्या सातबाऱ्याला धक्का लागला नाही. प्रतिष्ठेच्या बाजारात मात्र ‘डिप्लोमा’ हा शब्द आज हळू आवाजात उच्चारला जातो. एल.एम.ई.च्या काळात तसे नव्हते.

घरातला हिशेब मुलगा-मुलगी यांच्यातही आता बदलला आहे. २०२४ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. मुलीला मेकॅनिकलला कशाला, असे म्हणणाऱ्या घरात आज तिची पदवी भावाच्या पदवीपेक्षा कितीतरी कमी जोखमीची आहे. तरीही पेणच्या कुटुंबात कर्ज भावासाठी निघते आणि मुलीसाठी जवळचे कॉलेज शोधले जाते. इथे आकड्यांपेक्षा सवय मोठी ठरते.

कर्ज नको म्हणून बचत करावी, तर तिलाही पेणने धडा दिला आहे. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेवींवरच्या विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती. ती ५ लाख झाली २०२० साली. मुलांच्या शिक्षणासाठी पै-पै साठवलेल्या घरांवर त्या वर्षी काय वेळ आली असेल, ते पेणकरांना सांगायला नको.

जोखमीची वाटणी

मग करावे काय? मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ सालीच लिहून ठेवले की माणसाच्या शिक्षणात पैसे गुंतवणाऱ्याला तारण मिळत नाही, म्हणून परतफेड ठरावीक हप्त्याने न घेता कमाईच्या हिश्श्याने घ्यावी. सरकारी हस्तक्षेपाचा तो कट्टर विरोधक. तरी शिक्षणाच्या कर्जाबाबत त्याला ही वाट सुचली. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली तिला सरकारी रूप दिले. तिथे पदवीधराची कमाई ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर परतफेड थांबते, वर गेली की करासोबत वसूल होते. बापाची सही लागत नाही. आपल्याकडच्या १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यात शेतकऱ्याची ऐपत मोजायची जी कल्पना होती, तिचे हे दुसरे रूप म्हणता येईल. आपल्या योजनांनी व्याजाला अनुदान दिले, बँकेला हमी निधी दिला. हप्ता कमाईशी बांधण्याचे पाऊल मात्र अजून टाकलेले नाही.

ते पाऊल पडेपर्यंत हिशेब घरातच करावा लागणार. इतकी वर्षे कर्जाचे अर्ज पाहिल्यावर मी पालकांना तीन गोष्टी सांगतो. पहिली : महाविद्यालयाच्या जाहिरातीतले सर्वांत मोठे पॅकेज विचारू नका, तिथल्या मेकॅनिकलच्या मधल्या क्रमांकाच्या मुलाला पहिल्या वर्षी काय मिळाले, आणि किती मुलांना काहीच मिळाले नाही, ते विचारा. दुसरी : हप्ता त्या मधल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसतो का पाहा, बसत नसेल तर महाविद्यालय किंवा वाट बदला, मुलाची आवड बदलायला सांगू नका. तिसरी : नोकरी दोन वर्षे मिळाली नाही तर हप्ता कशातून जाईल, ते आजच कागदावर लिहा. त्या ओळीत शेतीचा तुकडा किंवा बहिणीचे लग्न येत असेल, तर ते मुलालाही वाचून दाखवा. अठरा वर्षांच्या मुलाला ते कळते. कित्येकदा बापापेक्षा चांगले कळते.

चिंतामणराव देशमुखांना बँक कळत होती आणि विद्यापीठही. विनोबांना या दोन्हींवाचून जगता आले. आमच्या घरांना यातले काहीच पूर्णपणे जमणार नाही. त्यांना पदवी हवी आहे, ती परवडायला हवी आहे, आणि ती फसली तर त्याचा भार एकट्या घराने उचलू नये एवढी अपेक्षा आहे. १८८४ साली सरकारने ती जोखीम उचलली होती, कारण त्याला इंजिनिअर हवे होते. आज धाटाव-नागोठणे-डोलवीच्या कारखान्यांना आणि देशालाही ते हवेच आहेत. तरीही कर्जाच्या कागदावर त्यांच्यापैकी कोणाचीच सही नाही. तिथे मुलाची सही आहे आणि तिच्याखाली बापाची.